‘गालेब’ : केळीवाहू जहाजापासून वस्तुसंग्रहालयापर्यंत

डिसेंबर १९५४ च्या मध्यास एक परदेशी नौका मुंबई बंदरात दाखल झाली. सुवेझचा कालवा, तांबडा समुद्र आणि अरबी समुद्र असा दीर्घ प्रवास तिने केला होता. तिच्यावर युगोस्लाव्हियाचे राष्ट्राध्यक्ष मार्शल जोसिप ब्रोझ टिटो होते. त्यांना भारताचे पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्याशी विचारविनिमय करावयाचा होता. पुढे अलिप्त राष्ट्रांची चळवळ या नावाने जगाला परिचित झालेल्या विचाराच्या जडणघडणीत या भेटीला महत्त्वाचे स्थान आहे. टिटो मुंबईत उतरले ते ‘गालेब’ या नौकेवरून. क्रोएशियन आणि सर्बियन भाषांत ‘गालेब’ म्हणजे समुद्रावर विहरणारा कुरव पक्षी.

राष्ट्रप्रमुखांच्या नौका म्हटल्या की ऐश्वर्य, मेजवान्या आणि सनई-चौघड्यांचा थाट डोळ्यांसमोर उभा राहतो. ब्रिटनच्या राणीची ‘ब्रिटानिया’, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची ‘सिकोया’, तुर्कस्तानने केमाल आतातुर्क यांच्यासाठी १९३८ मध्ये विकत घेतलेली ‘सावरोना’ ही अशा नौकांची प्रसिद्ध उदाहरणे होत. ‘गालेब’ची कथा मात्र निराळी आहे. ती राजवैभवासाठी बांधली गेली नव्हती. तिचा जन्म केळी वाहून नेण्यासाठी झाला होता. तिने युद्ध पाहिले, ती समुद्राच्या तळाशी गेली, पुन्हा वर आली, राष्ट्रप्रमुखांना घेऊन जगभर फिरली, कर्जापायी गोदीत अडकून पडली आणि अखेर एका नगरपालिकेच्या मालकीची झाली. सत्तेची साधने कशी घडतात, त्यांचा उपयोग कोणता आणि सत्ता लोपल्यावर त्यांचे काय करावयाचे, या तिन्ही प्रश्नांवर हा इतिहास प्रकाश टाकतो.

केळीसाठी बांधलेले जहाज

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात इटलीच्या ताब्यात पूर्व आफ्रिकेतील सोमालियाचा मोठा भाग होता. तेथील केळी इटलीच्या बाजारपेठेत आणण्यासाठी तेथील शासनाने एक मक्तेदारी संस्था स्थापन केली. ‘रेजिया अझिएन्दा मोनोपोलिओ बनाने’ हे तिचे नाव. या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिच्या जहाजांना ‘राम्ब’ हे नाव मिळाले. १९३७-३८ च्या सुमारास या संस्थेसाठी ‘राम्ब’ पहिले ते चौथे अशी चार भावंडे बांधण्यात आली. त्यांपैकी ‘राम्ब ३’ हे जहाज जेनोआनजीकच्या आन्साल्दो कंपनीच्या गोदीत १९३८ मध्ये तयार झाले. तेच आपल्या कथेतील जहाज.

केळी हे नाजूक फळ आहे, हे जळगावकडील बागाइतदारांस निराळे सांगावयास नको. घड हिरवे असतानाच उतरवावे लागतात आणि पिकण्याची क्रिया लांबवायची तर ते थंड जागेत ठेवावे लागतात. शिवाय वाहतूक त्वरेने झाली पाहिजे. या दोन गरजांमुळे केळीवाहू जहाजात शीतकोठारांची व्यवस्था आणि सामर्थ्यवान एंजिने या दोन्हींची जोड असे. ‘राम्ब ३’ची लांबी सुमारे ११७ मीटर आणि रुंदी १५ मीटरांहून थोडी अधिक होती. फियाट बनावटीची दोन डिझेल एंजिने तिला तासाला सुमारे १७ सागरी मैलांची, म्हणजे ३१ किलोमीटरांहून अधिक गती देत. मालवाहू जहाजांच्या मानाने ही गती लक्षणीय होती.

या वेगामागे आणखी एक हेतू होता. युद्ध सुरू झाल्यास ही जहाजे तोफा चढवून नौदलाच्या सेवेत घेता यावीत, अशा बेताने त्यांची रचना केलेली होती. फळांच्या व्यापाराआड युद्धाची तयारी चालली होती. जून १९४० मध्ये इटली दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि या जहाजांचे शांततेचे दिवस संपले.

चार भावंडांची चार दैवे

चारही जहाजांच्या नशिबी निरनिराळे भोग आले. ‘राम्ब १’ तांबड्या समुद्रातील मसावा बंदरातून निसटून हिंदी महासागरात आले. परंतु २७ फेब्रुवारी १९४१ रोजी मालदीव बेटांच्या परिसरात न्यूझीलंडच्या ‘लिअँडर’ या क्रूझरने त्याला गाठले आणि ते बुडाले. ‘राम्ब २’ जपानपर्यंत पोहोचले. पुढे ते जपानी नौदलाच्या ताब्यात गेले आणि जानेवारी १९४५ मध्ये अमेरिकन विमानांच्या हल्ल्यात नष्ट झाले. ‘राम्ब ४’ मसावा येथे ब्रिटिशांच्या हाती लागले. त्यांनी त्याचा रुग्णनौका म्हणून उपयोग केला. मे १९४२ मध्ये जर्मन बाँबहल्ल्यात ते जळून गेले.

उरले ‘राम्ब ३’. नोव्हेंबर १९४० मध्ये ओट्रांटोच्या सामुद्रधुनीत एका इटालियन तांड्याच्या संरक्षणासाठी ते जात असता ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धनौकांनी हल्ला चढवला. तांड्यातील चारही व्यापारी जहाजे बुडाली. ‘राम्ब ३’ निसटले. पुढे मे १९४१ मध्ये लिबियातील बेनगाझी बंदरात ‘ट्रायम्फ’ या ब्रिटिश पाणबुडीने सोडलेल्या पाणतीराने त्याच्या पुढील भागाची मोडतोड केली. तरीही ते तरले आणि दुरुस्तीसाठी ट्रिएस्ट येथे पोहोचले.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने दोस्त राष्ट्रांशी शस्त्रसंधी केली. त्याबरोबर जर्मन सैन्याने ट्रिएस्ट येथील जहाजे ताब्यात घेतली. जर्मनांनी ‘राम्ब ३’चे नाव बदलून ‘कीबिट्झ’ असे ठेवले. त्या भाषेत ‘कीबिट्झ’ म्हणजे टिटवीच्या कुळातील पक्षी. टिटवीचे ओरडणे अशुभ, अशी समजूत आपल्याकडे आहे. ही टिटवीही एड्रियाटिक समुद्राला शुभ ठरली नाही. तिने या समुद्रात पाच हजारांच्या आसपास पाणसुरुंग पेरले, असे सांगितले जाते. अखेर ५ नोव्हेंबर १९४४ रोजी रिएका बंदरात दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तिच्यावर बाँब टाकले आणि ती तेथेच बुडाली.

रिएका हे नाव ध्यानात ठेवावे. त्या काळी हे शहर ‘फ्यूमे’ या इटालियन नावाने ओळखले जाई. आधुनिक पाणतीराची निर्मिती १८६६ मध्ये याच शहरात झाली. त्याच शस्त्राचा घाव सोसलेले हे जहाज याच बंदराच्या तळाशी विसावले, आणि पुढे त्याला आश्रय मिळाला तोही याच शहरात.

तळातून वर

युद्धानंतर रिएका युगोस्लाव्हियात समाविष्ट झाले. देश उद्ध्वस्त झाला होता. पोलाद, यंत्रे, परकीय चलन यांची वाण होती. नवे जहाज बांधणे हे खर्चाचे काम. तेव्हा बुडालेली जहाजे वर काढून वापरात आणावीत, असा व्यवहारी मार्ग पत्करण्यात आला. १९४८ मध्ये ‘कीबिट्झ’ पाण्याबाहेर काढण्यात आली आणि पुला येथील उल्यानिक गोदीत तिच्या पुनर्बांधणीचे काम सुरू झाले.

१९४८ हे वर्ष युगोस्लाव्हियाच्या इतिहासातही कलाटणीचे ठरले. जून महिन्यात स्टालिनच्या प्रभावाखालील साम्यवादी पक्षांच्या संघटनेने युगोस्लाव्ह पक्षाला बहिष्कृत केले. पूर्व युरोपातील शेजारी राष्ट्रांनी व्यापार तोडला. सीमांवर तणाव वाढला. पश्चिमेकडील राष्ट्रांशी युगोस्लाव्हियाचे तत्त्वतः जमत नव्हते आणि पूर्वेकडील राष्ट्रांनी त्याला वाळीत टाकले होते. अशा कोंडीत सापडलेल्या देशाला दूरदूरचे मित्र शोधणे भाग होते. त्याच सुमारास स्वतंत्र झालेला भारतही कोणत्याही लष्करी गटात न शिरता आपले परराष्ट्रधोरण आखत होता. उभय देशांत डिसेंबर १९४८ मध्ये राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे.

१९५२ मध्ये नौकेचे काम पूर्ण होऊन ती ‘गालेब’ या नावाने नौदलात दाखल झाली. फळांसाठी राखलेल्या जागेत माणसांच्या वास्तव्याची सोय झाली. येथे एक बाब आवर्जून नमूद केली पाहिजे. कागदोपत्री आणि व्यवहारातही ‘गालेब’ ही नौदलाची प्रशिक्षण नौका होती. राष्ट्राध्यक्ष नौकेवर नसत तेव्हा नौदलाचे छात्र तिच्यावर दर्यावर्दी विद्येचे धडे घेत. आणि युद्धप्रसंगी सुरुंग पेरण्याचे काम तिला करता यावे, अशीही तरतूद होती. एकाच नौकेवर तीन कामांची जबाबदारी टाकण्यात आलेली होती.

थेम्सच्या धक्क्यावर

जानेवारी १९५३ मध्ये टिटो देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि मार्चमध्ये ‘गालेब’ने त्यांना ब्रिटनला नेले. ५ मार्च रोजी मॉस्कोत स्टालिनचा मृत्यू झाला होता. १६ मार्च १९५३ रोजी टिटो लंडनमध्ये थेम्स नदीच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी ड्यूक ऑफ एडिंबरो, पंतप्रधान विन्स्टन चर्चिल आणि परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन उपस्थित होते. साम्यवादी राष्ट्राच्या प्रमुखाने ब्रिटनला दिलेली ही पहिलीच भेट होती. सुमारे आठ वर्षांपूर्वी ज्या जहाजाला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी जलसमाधी दिली, तेच जहाज आता सन्मानाने ब्रिटिश सागरात प्रवेश करीत होते. राष्ट्रांमधील वैर आणि मैत्री यांचे स्वरूप किती परिवर्तनशील असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मुंबईच्या बंदरात

लंडनच्या प्रवासाने युगोस्लाव्हियाची कोंडी काही अंशी फुटली. परंतु टिटोंना पाश्चात्त्य गटात सामील व्हावयाचे नव्हते. १९५४ च्या अखेरीस त्यांनी पूर्वेकडे मोहरा वळवला. भारत आणि ब्रह्मदेश हे दोन देश त्यांनी निवडले. मुंबईत उतरून ते दिल्लीस गेले. भारतीय संसदेच्या सदस्यांसमोर त्यांचे भाषण झाले आणि डिसेंबर महिन्यातच नेहरू-टिटो संयुक्त निवेदन प्रसिद्ध करण्यात आले. लष्करी गटांपासून दूर राहणे म्हणजे जगाच्या प्रश्नांपासून तोंड फिरवणे नव्हे, तर शांततामय सहजीवनासाठी क्रियाशील राहणे होय, ही भूमिका त्यात मांडलेली होती.

ब्रह्मदेशाहून परत जाताना, फेब्रुवारी १९५५ मध्ये, सुवेझ कालव्यात ‘गालेब’वर एक पाहुणा आला. हा पाहुणा म्हणजे ईजिप्तचे तरुण नेते गमाल अब्देल नासर. टिटो आणि नासर यांची ती पहिली भेट. अवघ्या दोन महिन्यांनी, एप्रिल १९५५ मध्ये, इंडोनेशियातील बांडुंग येथे आशियाई-आफ्रिकी राष्ट्रांची परिषद भरली आणि नासर तेथे नेहरूंसमवेत सहभागी झाले. त्याच वर्षी उन्हाळ्यात नेहरूंनी युगोस्लाव्हियाला भेट दिली. जुलै १९५६ मध्ये एड्रियाटिक समुद्रातील ब्रियोनी बेटावर नेहरू, नासर आणि टिटो एकत्र आले. मुंबईत सुरू झालेल्या संवादाचे धागे असे एकामागून एक जुळत गेले. तिघांच्या या बैठकीनंतर आठवड्याभरातच नासर यांनी सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले आणि नव्या मैत्रीची पहिली कसोटी लागली.

भारत आणि युगोस्लाव्हिया यांच्या स्नेहाची एक गोड आठवणही ब्रियोनीवर राहिली. १९७० च्या सुमारास श्रीमती इंदिरा गांधी यांनी टिटोंना भेट दिलेले हत्ती या बेटावरील प्राणिसंग्रहात राहावयास गेले. त्यांतील एकाचे नाव होते ‘लंका’.

नौकाच का?

राष्ट्रप्रमुखाने परदेशी जाण्यासाठी विमान सोडून नौकेचा अवलंब का करावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण प्रवासाच्या सोयीचे. १९५० च्या दशकाच्या आरंभी दूरच्या विमानप्रवासात वारंवार उतरून इंधन घ्यावे लागे. नौकेवर राष्ट्रप्रमुखासमवेत मंत्री, तज्ज्ञ, दुभाषे, डॉक्टर, बिनतारी संदेशयंत्रणा आणि संरक्षक अशी सारी कचेरीच प्रवास करू शकत असे. वाटेतील दिवस चर्चेच्या तयारीसाठी मिळत.

दुसरे कारण कायद्याचे आहे. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार युद्धनौका परकी बंदरात असली तरी यजमान राष्ट्राचे अधिकारी कप्तानाच्या अनुमतीवाचून तिच्यावर पाऊल ठेवू शकत नाहीत. ‘गालेब’ नौदलाची नौका असल्याने तिला हे संरक्षण होते. त्यामुळे पाहुणा म्हणून आलेला राष्ट्राध्यक्ष संध्याकाळी त्याच बंदरात आपल्या नौकेवर यजमानांना भोजनास बोलावून स्वतः यजमान होऊ शकत असे. पाहुणचाराची परतफेड परक्याच्या अंगणात, पण आपल्याच छपराखाली करण्याची ही सोय होती.

तिसरे कारण प्रतिष्ठेचे. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, लहान वा गरीब राष्ट्राच्या बंदरात एका राष्ट्राध्यक्षाची नौका येऊन उभी राहते, दिवसचे दिवस मुक्काम करते, तेथील जनता धक्क्यावर जमून ती पाहते, या दृश्याला राजकीय अर्थ असतो. ‘आम्ही तुम्हांला बरोबरीचे मानतो’ हे सांगण्याची ती एक रीत होती.

शांतियात्रा

या रीतीचा सर्वांत मोठा प्रत्यय १९६१ मध्ये आला. फेब्रुवारी ते एप्रिल असे ७२ दिवस ‘गालेब’ आफ्रिकेच्या किनाऱ्याने फिरत होती. घाना, टोगो, लायबेरिया, गिनी, माली, मोरोक्को, ट्युनिशिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक या देशांना टिटोंनी भेटी दिल्या. मालीसारख्या समुद्रकिनारा नसलेल्या देशात अर्थातच अन्य मार्गाने जावे लागले. युगोस्लाव्हियात ही यात्रा ‘शांतियात्रा’ म्हणून आणि ‘गालेब’ ही ‘शांतिनौका’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बेलग्रेड येथे अलिप्त राष्ट्रांची पहिली शिखर परिषद भरली. पंचवीस राष्ट्रे तीत पूर्ण सदस्य म्हणून सहभागी झाली आणि भारताचे नेतृत्व पंडित नेहरूंनी केले. त्यांतील अनेक आफ्रिकी प्रतिनिधींशी टिटोंची ओळख आधीच झालेली होती. परिषदेच्या सभागृहापूर्वी ती बंदराबंदरांतून, नौकेवरील भोजनप्रसंगांतून घडत गेली होती.

सर्व प्रवासांचा हिशेब मांडला तर टिटोंनी ‘गालेब’वर सुमारे ५४९ दिवस घालवले आणि या नौकेने त्यांच्यासमवेत सुमारे ८६ हजार सागरी मैलांचे अंतर कापले, असे सांगण्यात येते. पृथ्वीला जवळजवळ चार प्रदक्षिणा घालण्याइतके हे अंतर होते. निरनिराळ्या देशांच्या शंभराहून अधिक धुरीणांचे या नौकेवर स्वागत झाले.

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. टिटोंच्या राजवटीत विरोधकांना स्थान नव्हते. स्टालिनशी फारकत झाल्यानंतर, १९४९ पासून, त्याच एड्रियाटिक समुद्रातील गोली ओतोक या उजाड बेटावर राजकीय बंद्यांची छावणी उघडण्यात आली आणि तेथे सहस्रावधी माणसांनी हाल सोसले. परदेशात शांतीचा संदेश नेणाऱ्या नौकेची आणि या बेटाची कथा एकाच राज्याच्या इतिहासात लिहिली गेली आहे. एकीचे स्मरण करताना दुसरीचे विस्मरण होऊ नये.

उतरती कळा

जेट विमानांचा प्रसार झाला, तसे नौकांचे महत्त्व सर्वत्र ओसरले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७७ मध्ये ‘सिकोया’ विकून टाकली. ब्रिटनची ‘ब्रिटानिया’ दहा लाखांहून अधिक सागरी मैलांचा प्रवास करून ११ डिसेंबर १९९७ रोजी सेवानिवृत्त झाली. आता ती एडिंबरोच्या लीथ बंदरात प्रेक्षकांसाठी खुली आहे. टिटोंचे ४ मे १९८० रोजी निधन झाले. ‘गालेब’ नौदलात प्रशिक्षण नौका म्हणून राहिली; परंतु ज्या राष्ट्राचा ध्वज ती मिरवीत होती, ते राष्ट्रच १९९१-९२ मध्ये फुटले. यादवी युद्धाच्या काळात नौदलाने मागे घेतलेल्या नौकांबरोबर तीही माँटेनीग्रोच्या किनाऱ्याकडे गेली.

पुढे एका ग्रीक व्यावसायिकाने ती विकत घेतली. तिचे विलासी नौकेत रूपांतर करावयाचे, असा त्याचा बेत होता. त्यासाठी ती रिएका येथील गोदीत आणण्यात आली. बेत तडीस गेला नाही. गोदीचे देणे थकले आणि नौका गंजत पडली. तिचे लोखंड मोडीत जाणार, अशीच चिन्हे दिसू लागली.

एका नगरपालिकेचा निर्णय

या टप्प्यावर कथेत स्थानिक स्वराज्य संस्थेचा प्रवेश होतो आणि आपल्या वाचकांच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत मननीय आहे. २००६ मध्ये क्रोएशियाच्या शासनाने ‘गालेब’ला संरक्षित सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. या निर्णयामुळे तिची मोडतोड थांबली. पण दर्जा दिल्याने गंज थांबत नाही. २००९ मध्ये रिएका नगरपालिकेने दीड लाख अमेरिकन डॉलरांस ती लिलावात खरेदी केली. सव्वा लाखाच्या आसपास लोकवस्तीच्या शहराने ११७ मीटर लांबीचे जुने जहाज विकत घेणे ही साधी गोष्ट नव्हती.

टीका दोन बाजूंनी झाली. एका पक्षाचे म्हणणे, हुकूमशहाच्या नौकेवर करदात्यांचा पैसा का खर्चावा? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, खरेदी स्वस्त असली तरी दुरुस्ती महाग. ते पैसे कोठून आणणार? दोन्ही प्रश्न रास्त होते. नगरपालिकेने प्रथम नौका खासगी उद्योजकांकडे चालवावयास द्यावी, असा प्रयत्न केला. त्यास यश आले नाही. पुढे युरोपीय संघाच्या निधीतून शहराच्या औद्योगिक वारशाचे जतन करण्याची योजना मंजूर झाली आणि तीत ‘गालेब’चा समावेश करण्यात आला. रिएका हे २०२० या वर्षासाठी युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून निवडले गेले होते. नौकेचे काम त्या वर्षात पूर्ण होऊ शकले नाही. मात्र जवळच्या क्रालयेवित्सा येथील गोदीत ती नेऊन तिचे वस्तुसंग्रहालयात रूपांतर करण्याचे काम पुढे नेण्यात आले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर या योजनेतच आहे. नौका जतन करणे म्हणजे तिच्या स्वामीचा गौरव करणे नव्हे. त्या पोलादी सांगाड्यात इटलीच्या वसाहतवादाचा, महायुद्धाचा, शहराच्या जहाजबांधणी कारागिरांचा, अलिप्ततावादाचा आणि एका राष्ट्राच्या विघटनाचा इतिहास साठलेला आहे. एका व्यक्तीपेक्षा तो कितीतरी मोठा आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अवघड असून ते दर वर्षी नव्याने द्यावे लागते. जहाजाचे संग्रहालय इमारतीसारखे नसते. खारे पाणी अविरत पोलाद खात असते. रंगकाम, तळाची तपासणी, पंप, अग्निशमन यांचा खर्च प्रेक्षक आले काय न आले काय, होतच राहतो.

आपल्यासाठी बोध

भारतीय प्रजासत्ताकाने राष्ट्रपतींसाठी कायमची स्वतंत्र नौका बाळगलेली नाही. नौदलाच्या ताफ्याचे राष्ट्रपती निरीक्षण करतात तेव्हा एखादी गस्ती नौका त्या समारंभापुरती राष्ट्रपतींची नौका म्हणून सजवली जाते. २००१ मध्ये मुंबईजवळ झालेल्या आंतरराष्ट्रीय नौदल-संचलनात ‘सुकन्या’ने आणि २० डिसेंबर २०११ रोजी राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांनी केलेल्या निरीक्षणाच्या वेळी ‘सुभद्रा’ने हा मान मिळवला. समारंभ संपला की नौका पुन्हा आपल्या नेहमीच्या कामास लागते. ‘गालेब’ने छात्रांना शिक्षण देत राष्ट्रप्रमुखांची सेवा केली, त्याच काटकसरीच्या तत्त्वाचे हे अधिक शुद्ध रूप म्हणता येईल.

जतनाच्या बाबतीत मात्र मुंबईचा अनुभव हळहळ वाटावा असा आहे. १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेली आणि १९७१ च्या युद्धात पूर्वेकडील सागरात पराक्रम गाजवलेली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवानिवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून प्रेक्षकांस पाहावयास मिळत होती. पुढे तिचा सांगाडा धोकादायक ठरला, २०१२ मध्ये प्रवेश बंद करण्यात आला आणि संग्रहालय आर्थिकदृष्ट्या चालवणे शक्य नाही, असा निष्कर्ष निघाला. न्यायालयीन लढतीनंतर २०१४ मध्ये ती मोडीत काढली गेली. तिच्या पोलादाचा काही अंश मोटारसायकलींच्या निर्मितीत वापरला गेला.

या दोन उदाहरणांतून दोष कोणाचा, हे ठरवण्याचा येथे हेतू नाही. ‘विक्रांत’ आकाराने ‘गालेब’हून कितीतरी मोठी होती आणि तिच्या जतनाचा खर्चही त्याच प्रमाणात मोठा होता. तथापि एक गोष्ट स्पष्ट होते. जतनाचा निर्णय वस्तू सुस्थितीत असतानाच घ्यावा लागतो आणि त्यासोबत वार्षिक देखभालीच्या पैशाचीही तरतूद करावी लागते. केवळ ‘वारसा’ अशी पाटी लावल्याने काही वाचत नाही. रिएकानेही खरेदीनंतर निधीची वाट पाहण्यात बरीच वर्षे घालवली आणि तेवढ्या काळात दुरुस्तीचे काम अधिकच वाढले.

आपल्या गावोगावी विक्रांत वा गालेब नसतील. पण जुनी चावडी असेल, बारव असेल, किनाऱ्यावरील गावात दीपस्तंभ किंवा जुन्या गलबताचा सांगाडा असेल, शाळेच्या कपाटात पहिल्या हजेरीपटाची वही असेल. ग्रामपंचायतीने अशा वस्तूंची यादी करावी. शिक्षकांनी त्यांची माहिती गावातील वृद्धांकडून मुलांकरवी लिहून घ्यावी. अधिकाऱ्यांनी डागडुजीचा अंदाज वेळीच तयार ठेवावा. एखाद्या वस्तूचे मोल तिच्या मालकाच्या मोठेपणावर ठरत नाही. केळी वाहण्यासाठी बांधलेल्या एका जहाजाच्या पोटात अर्ध्या शतकाचा इतिहास मावला आणि त्यातील एक पान मुंबईच्या बंदरात लिहिले गेले. आपल्या गावातील वस्तूंत कोणती पाने दडलेली आहेत, याचा शोध त्या वस्तू शाबूत आहेत तोवरच घेता येईल.